आठ दिवसांचं रबर

होडीच्या इंजिनाचं तेलाचं झाकण गळायला लागलं, की माणसं आधी पक्कड शोधतात. तिथंच चुकतं. झाकण प्लास्टिकचं. पक्कडीनं आवळलं की केसाएवढी चीर जाते आणि मग ते जन्मभर गळत राहतं. झाकण हातानं काढायचं, हातानंच लावायचं. आटे पुसायचे, आतलं जुनं रबर तारेच्या आकड्यानं उचलून टाकायचं, नव्या रबराला तेलाचं बोट लावायचं आणि पीळ न पडता खाचेत बसवायचं. झाकण फिरवून थांबलं की वर अगदी जरासं आवळायचं. मग खाली पांढरा कागद ठेवायचा आणि घटकाभर दुसरं काम करायचं. कागद कोरा राहिला तर काम झालं.

हे मी नवऱ्याकडून शिकले. शिकवायला त्याला वेळ कुठला! तो करायचा, मी बॅटरी धरायची. डोळे उघडे आणि तोंड बंद, एवढ्या भांडवलावर शिकले. शाळेचं तोंड पाहिलं नाही. कागदावरचं अक्षर मला अजून मुंगळ्यासारखं दिसतं. पण इंजिन खोकलं, की कुठल्या नळीत कचरा आहे ते मी खाटेवर पडल्या पडल्या सांगेन. नवऱ्याला सगळे मिस्त्री म्हणायचे, म्हणून मी मिस्त्रीणबाई. तो गेला, नाव राहिलं, कामही राहिलं.

धक्क्याच्या टोकाला आमची पत्र्याची शेड. पुढं कामाचं टेबल, लोखंडी घोडीवर ओळीनं टांगलेली मशीनं, म्हणजे होडीच्या मागं अडकवायची इंजिनं, चालवून बघायला पाण्याचं पिंप. मागं एक खोली. तिच्यात खाट, स्टोव्ह आणि पाण्याकडं उघडणारी एक खिडकी. मुलगा शहरात कारखान्यात लागला. जाताना दारात पिशवी घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आई, तूही ये की तिकडं." पण म्हणताना बघत होता घड्याळाकडं. मी म्हटलं, "जा बाबा, गाडी चुकेल."

मग उरले होडीवाले. सकाळी मशीन टाकायचे, संध्याकाळी न्यायचे. "झालं का?" "झालं." दिवसभरात तोंडातून निघालेले शब्द हाताच्या बोटांवर मोजता येतील असे दिवस होते ते. कधी कधी मी मशीनशीच बोलायची. बरं, तीही उलट बोलत नाहीत.

पाण्याच्या पलीकडच्या काठावर एकच घर होतं. तिथं पाण्याची पातळी मोजणारी बाई राहायची. पाण्यात आकड्यांचे खांब रोवलेले, रोज सकाळ-संध्याकाळ होडीतून जाऊन आकडा बघायचा, वहीत लिहायचा आणि दर आठ दिवसांनी तो कागद आमच्या धक्क्यावरच्या कचेरीत आणून द्यायचा, हे तिचं काम. उंच, हडकुळी, अंगात कुणा पुरुषाचा जाडा कोट. ती यायची, कागद द्यायची, आली तशी जायची. पाच वर्षं मी तिला खिडकीतून पाहत होते आणि पाच वर्षांत आम्ही एकमेकींना मान हलवण्यापलीकडं काही केलं नव्हतं. काम नसताना कुणाच्या दारात बसायची सवय तिला नव्हती, आणि मलाही नव्हती.

एक दिवस ती शेडच्या दारात येऊन उभी राहिली.

"तेलाचं झाकण गळतंय."

"किती?"

"तो तुमचा नळ गळतोय ना, तेवढंच," ती म्हणाली. "मिस्त्रीच्या घरचा नळ आणि गळका!"

मला हसूच आलं. किती दिवसांनी, कोण जाणे.

तिच्या मशीनला तेलाची वेगळी टाकी होती, वरच्या टोपणाखाली. झाकण काढून पाहिलं तर रबर वाळून तडकलेलं. माझ्याकडं नेमकं तेलाचं रबर संपलं होतं. तेलाचं रबर वेगळं असतं, घट्ट, काळं, तेलात वर्षानुवर्षं तसंच राहणारं. ते नव्हतं, म्हणून मी सायकलच्या ट्यूबमधून ब्लेडनं गोल कापून बसवलं. ट्यूबचं रबर तेलात फुगतं, मऊ पडतं. आठ दिवस धरतं, नंतर सोडतं. नवरा म्हणायचा, ट्यूब लावणारा मिस्त्री नव्हे, तो चोर. कारण झाकणातून तेल बाहेर येतं तोवर ठीक, पण लाट वरून आली तर त्याच फटीतून पाणी आत जातं. आणि तेलात पाणी गेलं, की इंजिन भर पाण्यात जाम होतं.

"हे आठ दिवसांचं आहे," मी तिला सांगितलं. "पुढच्या वेळी कागद द्यायला याल तेव्हा खरं बसवते. तोवर वारा असला तर लांब जाऊ नका."

झाकणाखाली पांढरा कागद ठेवला. घटकाभर थांबायचंच होतं, म्हणून चहा टाकला. तिनं एक घोट घेतला आणि पेल्यात निरखून पाहिलं.

"इंजिन धुतलेलं पाणी वेगळ्या भांड्यात ठेवता ना?"

"नाही, त्याच भांड्यात. म्हणून तर चव येते."

कागद कोरा निघाला. मग नेहमीप्रमाणं मशीन पाण्यावर चालवून बघायला मी तिच्या होडीत पुढच्या फळीवर बसले आणि तिनं मला धक्क्याला एक वळसा घालून आणलं. मुलाचं एक पत्र महिनाभर फडताळात पडून होतं. होडीवाल्यांकडून वाचून घ्यायची मला लाज वाटायची. निघताना ते पदरात घेतलं होतं, त्या वळशातच तिनं ते मला वाचून दाखवलं. मुलाला खोली मिळाली होती. पगाराचं काही नव्हतं, तब्येतीच्या दोन ओळी. ती ते असं वाचत होती, जणू तिच्याच मुलानं लिहिलंय.

पुढचा आठवडा उजाडला तेव्हा तेलाची खरी रबरं आली होती. पुठ्ठ्यावर बारा लावलेली, टेबलावर खिळ्याला टांगून ठेवली होती. ती आली, मी झाकण काढलं, फुगलेली ट्यूब उचलून टाकली. आणि ब्लेड घेऊन ट्यूबचंच नवं रबर कापलं.

हात आपोआप गेला, असं पुढं कितीतरी दिवस मी स्वतःला सांगत होते. हात आपोआप जात नसतो. खरं रबर बसवलं असतं, तर पुढची दोन वर्षं तरी तिला माझ्या दारात यायचं कारणच नव्हतं.

असे पाच महिने गेले. दर आठ दिवसांनी ती यायची. "गळतंय बाई तुझं झाकण." मी म्हणायची, "मशीनच जुनं आहे, त्याला मी काय करू." ती वयानं मोठी, म्हणून मी तिला ताई म्हणायला लागले. ती मला नुसतं मिस्त्रीण म्हणायची. तिला रात्री झोप लागायची नाही. नवरा फार पूर्वी सोडून गेलेला. पलीकडं आठ-आठ दिवस माणसाचा आवाज कानावर पडत नाही म्हणून ती पाण्याचा आकडा मोठ्यानं म्हणायची, हे तिनं मला हसत सांगितलं. मी हसले नाही. मी मशीनशी बोलते, ते मी तिला सांगितलं. तीही हसली नाही. म्हणाली, "मशीन बरं. आकडा तर रोज बदलतो."

आणि मग ती गेली की मी मागच्या खोलीत येऊन खिडकीतून तिची होडी बारीक होत जाताना पाहायची. मनात म्हणायची, वारा नाही, ऊन आहे, आठ दिवस धरेल. दर वेळी म्हणायची.

पावसाळा संपता संपता एक वादळ आलं. दोन दिवस पत्रा नुसता बडवत होता. त्या आठवड्यात ती आली नव्हती. पाणी चढत होतं, त्यामुळं दिवसातून चार वेळा आकडा घ्यायचा हुकूम तिला होता. रबराला दहावा दिवस होता. मी दिवस मोजत होते. मी खिडकीशीच बसले होते, पण खिडकीत पाणी आणि आभाळ एकच झालं होतं.

तिसऱ्या दिवशी होडी सापडली. खडकाला लागलेली, पालथी. मागच्या फळीला मशीन तसंच घट्ट. ती सापडली नाही. चार दिवस शोधलं, गळ टाकले, जाळी टाकली. नाही सापडली.

कचेरीतल्या साहेबानं ते मशीन हातगाडीवर घालून माझ्याचकडं आणलं.

"मिस्त्रीणबाई, उघडून सांगा बरं, काय झालं असेल. मला वर लिहून द्यायचंय."

मी टोपण काढलं. झाकण फिरवलं. आतलं तेल चहात दूध पडावं तसं झालं होतं. खाचेतून बाहेर आलेलं, फुगून सुटलेलं रबर झाकणाला लोंबत होतं. साहेबाला त्यातलं काही कळत नव्हतं. तो रुमालानं हात पुसत होता.

"काय?"

"होडी उलटली," मी म्हटलं. "मशीन पाण्यात गेलं. म्हणून पाणी शिरलं."

"म्हणजे वादळानं."

"वादळानं."

त्यानं लिहिलं. काय लिहिलं ते मला वाचता येत नाही. खाली माझा अंगठा घेतला. अंगठ्याला तेल होतं, त्यामुळं शाईची गरज पडली नाही. रबर मी मुठीत लपवलं होतं. तो गेल्यावर मूठ उघडली, तर ते अजून थेंब थेंब गळत होतं.

मशीन कचेरीनं पलीकडच्या घरात कुलपात ठेवून दिलं. आकडे घ्यायला आठवड्यातून एकदा कचेरीतलाच कुणी जायला लागला. मुलाचं एक पत्र आलं, ते तसंच पाकिटात राहिलं. मला वाटायचं, एकदा तरी कुणाला तरी खरं सांगावं. पण सांगायचं ते जिला, तीच नव्हती.

दीड महिना गेला असेल. थंडी पडली आणि धुकं उतरलं. तीन दिवस हललंच नाही. होड्या बांधून ठेवलेल्या. धक्क्यावर चिटपाखरू नाही. दिवस आहे की संध्याकाळ, ते घड्याळाला विचारावं लागत होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी मी टेबलाशी उगाच लोखंडी पाने पुसत बसले होते. दुपारचे तीन झाले असतील. बाहेर इतकं शांत, की पत्र्यावरून गळणारा दवाचा थेंब कुठं पडतो, तेही ऐकू येत होतं.

मग पाण्यावरून इंजिनाचा आवाज आला.

प्रत्येक मशीनचा आवाज वेगळा असतो. आईला रडण्यावरून लेकरू कळतं, तसं मला ते कळतं. हा आवाज... चार ठोके नीट, पाचवा जरा मागं रेंगाळणारा. हे मशीन पलीकडं कुलपात होतं. मी स्वतः ते पुसून, टोपण लावून दिलं होतं.

आवाज जवळ आला. धक्क्याशी येऊन बंद झाला.

"मिस्त्रीण... अगं ए मिस्त्रीण..."

मी हातातला पाना खाली ठेवला. आवाज होऊ नये म्हणून फडक्यावर ठेवला, का ते मलाच ठाऊक नाही.

"झाकण गळतंय गं..."

भीती वाटली का, विचाराल. वाटली. पण तिच्याही आधी काय वाटलं ते सांगते. बरं वाटलं. पोटातून बरं वाटलं. दीड महिन्यात पहिल्यांदा कुणी मला हाक मारली होती.

मी खिळ्यावरचा रबरांचा पुठ्ठा काढला. एवढ्या महिन्यांत होडीवाल्यांना तीन लागली होती, नऊ शिल्लक होती. फडकं घेतलं, पांढरा कागद घेतला आणि धक्क्याच्या पायऱ्या उतरले. धुक्यात खालची पायरीसुद्धा दिसत नव्हती. पायानं चाचपत गेले. तेलाचा वास आला, आणि तळाचा चिखल उपसल्यावर येतो तसला गार वास.

होडी शेवटच्या पायरीशी होती. ताई मागं बसली होती, मशीनजवळ, कोटाची गुंडी गळ्यापर्यंत लावून. तोंड पाण्याकडं. बांधायची दोरी तिच्या मांडीवर गुंडाळलेली. म्हणजे होडी कशालाच बांधलेली नव्हती, तरी हलत नव्हती. जराही नाही.

"ताई," मी म्हटलं. "वर ये ना. चहा टाकते."

"नको. आता वर नाही येत मी... इथंच कर."

मी पायरीवर गुडघे टेकले. होडी मागच्या बाजूनं लागलेली होती, मशीन माझ्या हाताशी. टोपण काढलं. मशीन एवढं पाणी कापून आलं होतं, पण त्याला ऊब नव्हती. लोखंड गार होतं, बोटं चिकटतील इतकं. झाकण काढलं. आतलं तेल स्वच्छ होतं. खाचेत रबरच नव्हतं. असणार कसं, ते माझ्या घरात होतं.

मी पुठ्ठ्यावरचं एक रबर काढलं. खरं, तेलाचं. बोट लावलं, बसवलं, झाकण हातानं फिरवलं, वर जरासं. खाली कागद धरला.

कागदावर डाग पडला.

"गळतंय," ती म्हणाली. मान वळवली नव्हती.

दुसरं लावलं. आटे पदरानं पुसून घेतले. पुन्हा डाग. तिसरं. चौथं. माझ्या आयुष्यात खरं रबर नीट बसवून गळालेलं मी पाहिलं नव्हतं. पाचवं पायरीवर पडलं, ते शोधून पुन्हा पुसलं. प्रत्येक वेळी ती तेवढंच म्हणायची, हळू, रागावल्याशिवाय, "गळतंय गं..." आठवं झालं. पुठ्ठ्यावर एक राहिलं.

मग मला पुढं करवेना.

"ताई, मी ट्यूब लावत होते."



"खरं रबर होतं माझ्याकडं. दुसऱ्या आठवड्यापासून होतं. मी मुद्दाम ट्यूब लावत होते. तू यावंस म्हणून. साहेबाला मी खोटं सांगितलं. तू गेलीस ती वादळानं नाही गेलीस, ताई. माझ्या हातानं गेलीस..."

माझाच श्वास मला ऐकू येत होता. तिचा येत नव्हता.

"माहीत होतं की मला," ती म्हणाली.

"कधी... कधीपासून?"

"दुसऱ्या वेळेपासून. फुगलेलं रबर ओळखायला काय मिस्त्री व्हावं लागतं?" आवाजात तीच जुनी थट्टा होती, पण लांबून आल्यासारखी. "आणि मशीनबरोबर कचेरीनं मला खरी रबरं दिली होती, पाच. टेबलाच्या खणात होती."

"मग बसवलं का नाहीस, ताई?"

"बसवलं असतं तर मी कशाला आले असते गं तुझ्याकडं?"

मी पायरीवर खालीच बसले. तोंडात पदर कोंबला. किती वेळ रडले ते आठवत नाही. ती वळलीही नाही.

"त्या दिवशी निघताना खण उघडला होता मी," ती पुढं म्हणाली. "रबर हातात घेतलं. मग म्हटलं, परवा तर जायचंच आहे तिकडं... लाव बघू आता ते राहिलेलं."

मी शेवटचं रबर लावलं. झाकण फिरवलं. कागद धरला. बघत राहिले. कागद कोरा. पुन्हा पाहिलं, उलटा करून पाहिलं. कोरा.

"झालं," मी म्हटलं.

"मग चल, पाण्यावर चालवून बघू."

दर वेळी हेच व्हायचं. रबर बसलं की मी पुढच्या फळीवर जाऊन बसायची आणि एक वळसा व्हायचा. तिनं ते इतकं साधं म्हटलं, की मी उठले, पदर खोचला आणि उजवा पाय उचलला. वर शेड होती. तिच्यात खाट, स्टोव्ह, न उघडलेलं पत्र. कोण वाट बघत होतं तिथं? खोटं कशाला बोलू, मला जायचं होतं.

मी पाय होडीत टाकला. अंगाचा भार दिला.

होडी कलली नाही.

लहान होडीत मांजर उतरलं तरी ती कलते. मी तर चांगली भरल्या अंगाची बाई. पण होडी धक्क्याच्या दगडासारखी जागच्या जागी राहिली, जणू माझा पाय तिच्यात पडलाच नव्हता. पाण्यावर एक वलयसुद्धा उमटलं नाही. तेव्हा कुठं भीती माझ्या पायातून वर चढली. मी पाय मागं ओढला, पायरीवर आदळले.

"ताई... आज नको. पुढच्या वेळी. आज नको गं..."



"बरं," ती म्हणाली.

मग तिनं पहिल्यांदाच मान वळवली. माझ्याकडं नाही. होडीच्या पुढच्या टोकाकडं, रिकाम्या फळीकडं. आणि तिकडं बघून म्हणाली, "सरक थोडी मध्ये. तोल जातोय."

होडीचं पुढचं टोक खाली दबलं. कुणी फळीवर नीट बसावं, तसं.

तिनं मशीनची दोरी ओढली. मशीन पहिल्याच ओढीला लागलं. चार ठोके, पाचवाही आता नीट. धुक्यात होडी नाहीशी झाली, आवाज लांब जायला लागला. त्या आवाजात तिचं बोलणं मिसळलं, शब्द कळत नव्हते. आणि मग कुणीतरी तिला उत्तर दिलं. कुणीतरी हसलं.

माणसाला आपला आवाज बाहेरून ऐकायची सवय नसते. म्हणून ओळखायला मला जरा वेळ लागला.

मी पायरीवरून उठले नव्हते, तोच वाळूवाल्याचा पडाव धुक्यातून काठीनं ढकलत ढकलत धक्क्याला लागला. त्यानं मला पाहिलं आणि काठी तशीच धरून उभा राहिला.

"मावशी... तुम्ही इथं?"

"मग कुठं असणार?"

"आत्ता त्या खांबांपाशी होडी आडवी गेली ना माझ्या. पुढं तुम्ही बसला होतात. मी हाक मारली तर हात केलात मला." तो मागं वळून बघायला लागला. "मागं कोण होतं ते नाही दिसलं. पण तुम्हीच होतात. हसत होतात, मावशी."

मी म्हटलं, "चहा घेतोस?"

तो नको म्हणाला. त्यानंतर तो त्याचं मशीन दुसरीकडं न्यायला लागला.

याला बरीच वर्षं झाली. मुलगा मध्ये येऊन गेला, नात झाली, ती मला आजी म्हणते. दोन दिवस राहतात आणि जातात. कुणाच्याही मशीनला मी पुन्हा ट्यूब लावली नाही. पलीकडच्या घरात ते मशीन अजून कुलपात आहे म्हणतात, धूळ खात. त्याच्या झाकणाखाली रबर आहे की नाही, ते पाहायला मी कधी गेले नाही.

धुकं पडलं की होडी येते. धक्क्याला लागत नाही, हाकही मारत नाही. खांबांच्या आतून वळसा घालते आणि जाते. मी खिडकीशी बसून ऐकते. दोघी बोलत असतात. मी तिला आठवड्याचं सगळं सांगत असते, नळाचं, होडीवाल्यांचं, मुलाचं. इतकं मोकळं मी इथं कुणाशी बोलत नाही.

परवाच्या धुक्यात होडी नेहमीपेक्षा जवळून गेली. शब्द न् शब्द ऐकू आला.

"मिस्त्रीण," तिनं विचारलं, "त्या खिडकीत दिवा दिसतोय. शेडमध्ये आता कोण राहतं गं?"

मी श्वास धरून बसले.

"कुणी नाही," पाण्यावरून माझा आवाज म्हणाला. "कधीची रिकामी आहे ती."